खाटेला बांधलेलं पॅड

बकारामची खाट माझ्या खाटेला लागून होती. मध्ये जेमतेम एक स्टूल मावायचं. त्यामुळे त्याचा आवाज बदलला तो मला ऐकू आला, पण माझ्याआधी तो अन्नपूर्णा सिस्टरला ऐकू आला होता. गुरुवारी दुपारी ती त्याचा रक्तदाब घ्यायला आली आणि नेहमीसारखं म्हणाली, "बकारामभाऊ, कसं वाटून राहिलं?"

पक्षाघाताने वाकड्या झालेल्या तोंडातून तो म्हणाला, "बरं."

एवढा एकच शब्द. सिस्टरचा हात दंडाच्या पट्ट्यावर थांबला. ती माझ्याकडे वळली.

"काका, तुमाले आवाजाची पारख आहे. काल याचा आवाज असाच होता का?"

"नाही," मी म्हणालो. "काल कोरडा होता. आज पाण्यातून आल्यासारखा येतो."

तिने मान हलवली. मग त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, कपाळावर हात ठेवला, कान छातीजवळ नेला. खाटेच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको, सुलोचनाबाई, पदराने त्याचं तोंड पुसत होती. "जरासा खोकला आहे जी," ती म्हणाली. "थंडी पडून राहिली ना."

सिस्टर वळली. चालताना तिच्या चपलांचा एक ठरलेला ताल असे, तो त्या दिवशी टेबलाकडे जाताना जलद झाला.

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या टोकाला आमचं हे सेवाकेंद्र. दवाखान्यातून सुटी झालेली, पण घरी नेण्याजोगी न झालेली माणसं इथे येतात. बारा खाटांचं एक मोठं दालन, मागे स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. मी खुब्याचं हाड मोडून आलो होतो. आयुष्यभर फळ्यांच्या हलत्या रंगमंचावर नाचलो, तलवारी खेळलो, राजा म्हणून मेलो आणि पुढच्या प्रवेशात भिकारी म्हणून उठलो, आणि पडलो शेवटी न्हाणीघरात. त्याची लाज मला अजून वाटते.

दिवस दिवाळीनंतरचे होते. आमच्या झाडीपट्टीत तेव्हा मंडया लागतात. एकेका गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावई येतात, दिवसा बाजार भरतो आणि रात्री नाटक. माणसं घोंगडी घेऊन नाटकाला बसतात ती तांबडं फुटल्यावर उठतात. त्या प्रेक्षकांसारखे प्रेक्षक जगात नाहीत. ते रडायला आलेले असतात आणि रडल्याशिवाय जात नाहीत. माझ्या आयुष्यातलं पहिलंच असं साल, की मंडया सुरू होत्या आणि मी आडवा होतो.

केंद्रातल्या आया गावोगावच्या. मंडईला त्यांना सुटी नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. दुर्पता गेली, तिच्या पाठोपाठ दुसरी गेली. दालनात सिस्टर एकटी उरली. मग ज्या रोग्याजवळ घरचं माणूस होतं, त्याचं खाणंपिणं घरच्या माणसाने पाहायचं, असं चाललं होतं. बकारामजवळ सुलोचनाबाई होती.

आता अन्नपूर्णा सिस्टरविषयी सांगतो, कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

ती कामठ्याची. बाप दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान लावायचा, आई रोपं लावायला रोवणीला जायची. घरात पहिली शिकलेली तीच. पन्नाशी गाठली असेल. बांधा लहान, केस घट्ट बांधलेले, टेबलावर औषधांच्या कपाटाशेजारी बुद्धाची बोटभर मूर्ती. बसून लिहिताना मी तिला कधी पाहिलं नाही. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पॅड टांगलेलं असे. त्यावर त्या रोग्याचा केअर प्लॅन. काय खायचं, कसं निजवायचं, कोणता व्यायाम, कोणती गोळी. उजवीकडे एक रकाना: 'डॉक्टरांनी पाहिले.' दर आठवड्याला डॉक्टरने रोगी तपासायचा, प्लॅन वाचायचा, बदलायचं ते बदलायचं आणि त्या रकान्यात सही करायची. असा नियम.

बाकी ठिकाणी हा नियम कसा पाळतात ते मी दोन दवाखान्यांत पडून पाहिलं आहे. सगळी पॅडं एका टेबलावर रचतात, डॉक्टर चहा पिता पिता सह्या करतात. इथे तसं होत नसे, कारण सिस्टरने प्रत्येक पॅड बँडेजच्या पट्टीने खाटेच्या लोखंडी दांडीला बांधून टाकलं होतं. पट्टी वीतभर लांब. सही करायची तर खाटेपाशी उभं राहावं लागे, आणि खाटेपाशी उभं राहिलं की खाटेवरच्या माणसाकडे नजर जातेच.

मी एकदा तिला विचारलं, "सिस्टर, ही गुरं बांधल्यासारखी पॅडं काऊन बांधली?"

ती हसली. "पळून जातात जी टेबलाकडं."

मग दुसऱ्या कधीतरी, माझी मलमपट्टी बदलताना, तिने स्वतःहून सांगितलं. ती दहावीत असताना आईचा पाय मोडला. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात प्लास्टर घातलं. आई रात्रंदिवस कण्हत होती. घरात वाचता येणारी ही एकटी. खाटेवरच्या कागदावर रोज सकाळी लिहिलेलं असे, 'डॉक्टरांनी पाहिले, ठीक.' ही ते वाचून आईला सांगे, आई, डॉक्टर पाहून गेले, सगळं बरं आहे, तू उगाच भिऊन राहिलीस. डॉक्टर आले नव्हतेच. प्लास्टर आवळलेलं होतं. कापलं तेव्हा पायाची दोन बोटं काळी पडली होती.

"मी आईचं नाई ऐकलं काका," ती म्हणाली. "कागदाचं ऐकलं."

एवढं सांगून तिने चिकटपट्टी दाबली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

तर त्या गुरुवारी तिने टेबलावरून डॉक्टरांना फोन लावला. आमचे डॉक्टर प्रफुल्ल गोंदियात स्वतःचा दवाखाना चालवतात. केंद्रात ते दर रविवारी येत, बहुतेक सेवा म्हणूनच. माणूस चांगला. पण त्या महिन्यात तापाची साथ होती, त्यांच्या दारात रोग्यांची रांग रस्त्यापर्यंत जात होती, आणि मागच्या रविवारी ते आलेच नव्हते. बाराही पॅडांवर त्या आठवड्याचा रकाना कोरा होता.

"सर, बकारामचा आवाज ओला येऊन राहिला. अंगात थोडी कणकण आहे. ऑक्सिजन कालपेक्षा कमी आहे. घास चुकीच्या वाटेनं जाऊन राहिला असं वाटते. तुम्ही येऊन पाहाल का?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. तिचं ऐकू आलं. "हो सर. अँटिबायोटिक. वाफ. हो, लिहून घेतली. पण पाहायला कधी?... रविवारी?"

तिने फोन ठेवला. बकारामच्या खाटेशी आली, उभ्याउभ्या पॅडवर लिहिलं आणि लिहिलेलं स्वतःशीच वाचलं: "डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. सूचना फोनवरच्या." सहीचा रकाना तिने तसाच ठेवला.

बकारामची मान उशीवर एका बाजूला कलंडली होती. त्याला घोट गिळताना त्रास होता. पक्षाघाताने गळ्याच्या एका बाजूची शक्ती गेली होती. पाणी, चहा, ताक, जे पातळ ते सरळ श्वासनलिकेत उतरण्याची भीती. म्हणून त्याच्या पॅडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पातळ काहीही नाही. चमचा तिरका केल्यावर गोळा पडेल एवढी घट्ट पेज. बसवून भरवणे.' छातीत पाणी साचून माणसं जातात, हे सिस्टरने सुलोचनाबाईला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. सुलोचनाबाईने मान डोलावली होती.

संध्याकाळ व्हायच्या बेताला केंद्राचे व्यवस्थापक श्यामलाल आले. घामाघूम. खाकी रंगाची पिशवी छातीशी धरलेली.

"सिस्टर, गडबड हो गयी," ते आल्या आल्या म्हणाले. "उद्या सकाळी तपासणीला येऊन राहिलेत. ज्यांच्या मदतीवर आपलं केंद्र चालते तीच माणसं. पहिली गोष्ट काय पाहतील? डॉक्टरचा रकाना. एकाही पेशंटचा प्लॅन आठवड्यापेक्षा जुना दिसला, तर मदत बंद. ही बारा माणसं कुठं जातील, तुम्हीच सांगा."

"मंग डॉक्टरले आना, भाऊ."

"डॉक्टर साहेब नाही येऊ शकत आज. मी बोललो. त्यांनी सांगितलं, तुम्ही लिहून ठेवा, ते रविवारी सही करतील. बस एक लाइन. 'डॉक्टरांनी पाहिले.' मागच्या रविवारची तारीख टाका."

"मागच्या रविवारी ते आले नवते."

"अरे, फोनवर तर बोलतातच ना रोज. फोन पे देखा मतलब देखा."

"फोनवर ऐकलं असते भाऊ. पाहिलं नसते."

श्यामलालने खुर्ची ओढली. ते वाईट नव्हते. त्यांची भीती खरी होती आणि ती आमच्या सगळ्यांची होती. समोरच्या खाटेवरचे म्हातारे मनिराम, ज्यांना घरी नेणारं कोणी नव्हतं, ते उशीवरून मान वर करून ऐकत होते. कोणी खोकत नव्हतं. प्रेक्षकांत अशी शांतता पसरली की आम्ही नटमंडळी समजून जायचो, आता प्रवेश रंगणार. पण इथे मला घाम फुटला.

"तुमचा हट्ट आहे हा," श्यामलाल म्हणाले. "केंद्र बंद पडलं तर पगार कुठं म्हणून तुमची आई, तुमचा नवरा, दोघंही तुम्हाला विचारतील."

"विचारतील. माहा नवरा तं रोजच विचारते."

"मजाक नका करू."

"मजाक नाई करून राहिली." तिचा आवाज खाली आला. "भाऊ, आता मी तिथं 'पाहिलं' लिवलं, तं या मानसाकडं रविवारवरी कोनीच येनार नाई. काऊन येतील? कागदावर तं पाहून झालं असते. हा रकाना कोरा आहे मनूनच कोनीतरी इथं येईल. तुमाले उद्याची भीती आहे ना? तीच भीती डॉक्टरले सांगा. त्याईले घेऊन या. बाराही रकाने खरे भरतील."

"आणि नाही आले तर?"

"ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला, तं मी कोनालेच न विचारता एकशे आठले फोन लावीन."

ते ऐकून सुलोचनाबाई उठून उभी राहिली. "आता पुन्हा दवाखान्यात नोको जी," ती म्हणाली. "तिथून जिवंत आनला त्याले."

श्यामलालने पुन्हा फोन लावला. दोन वाक्यांतच त्यांचा चेहरा उतरला. सिस्टरने हात पुढे केला आणि फोन घेतला. या वेळी डॉक्टरांचा आवाज फोनमधून बाहेर येत होता, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"सिस्टर, माझ्यासमोर चाळीस पेशंट बसलेत. तुम्हाला एक ओळ लिहायला काय अडचण आहे? माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्या डोळ्यांवर विश्वास आहे सर, मनून तं बलावून राहिली."

पलीकडे कोणीतरी लेकरू रडत होतं. मग फोन कट झाला.

श्यामलाल बाहेर गेले. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि गोंदियाकडे विरत गेला. ते डॉक्टरांना आणायला गेले की रागाने घरी गेले, कोणालाच कळलं नाही.

त्यानंतरची वाट पाहणं मी विसरणार नाही. सिस्टर दर थोड्या वेळाने बकारामच्या बोटाला यंत्र लावत होती. आकडा ती मोठ्याने सांगत नव्हती, पण तिच्या ओठांकडे पाहून मला तो कळत होता. ब्याण्णव. पुन्हा ब्याण्णव. मग एक्क्याण्णव. तिने त्याला उशा लावून बसतं केलं, वाफ दिली, पाठीवर हाताची ओंजळ करून थोपटलं. त्याचा श्वास घुसमटल्यासारखा घरघर वाजत होता. तो माझ्याकडे पाहत होता. मी त्याला हसून दाखवलं. खोटं हसणं हा माझा धंदाच होता, पण ते हसणं त्याला पटलं नाही.

जेवणाची वेळ झाली तशी सुलोचनाबाई झाकलेला गडवा आणि वाटी घेऊन आली.

"आता नोको," सिस्टर म्हणाली. "डॉक्टर येईपर्यंत तोंडाने काई नाई."

"उपाशी ठेवून मानूस बरा होते का?"

"आज होते."

"तुमचं बरं आहे. तुमचा मानूस घरी जेवून राहिला." सुलोचनाबाईने गडवा खाटेखाली सरकवला आणि तोंड फिरवून बसली. सिस्टरने तो टोमणा पदरात घेतला आणि पुन्हा यंत्राकडे वळली.

मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा आम्ही बारा जणांपैकी ज्यांना मान वळवता येत होती ते सगळे दाराकडे वळलो. आधी श्यामलाल आत आले. मागून डॉक्टर प्रफुल्ल, गळ्यात अजून स्टेथोस्कोप, डोळे तांबारलेले. रंगमंचावर इतकी चांगली एंट्री मी फार थोड्यांची पाहिली आहे. पण ते आले आणि सरळ टेबलामागच्या खुर्चीत बसले. खिशातून पेन काढलं.

"आणा पॅडं. लवकर."

"बांधलेली आहेत सर."

"मग सोडा."

सिस्टरच्या एप्रनच्या खिशात कात्री होती. कात्रीची मूठ बाहेरूनही दिसत होती. श्यामलालने तिच्याकडे हात पसरला. "सिस्टर, कात्री द्या. डॉक्टर साहेब आलेत ना? झालं ना तुमच्या मनासारखं?"

ती बकारामच्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. तिने कात्री दिली नाही, खिशाकडे हातही नेला नाही. "इथून सुरू करा सर," ती म्हणाली. "मंग बाकीच्याईचं बसून केलं तरी चालेल."

डॉक्टरांनी पेन टेबलावर टाकलं. मला वाटलं आता ते निघून जातील. पण त्या शांततेत बकारामचा श्वास वाजला. डॉक्टर होते ते शेवटी. आवाज ऐकल्यावर त्यांची मान वळली, मग अंग वळलं, आणि ते खाटेपाशी आले.

त्यांनी छाती तपासली. पाठीला स्टेथोस्कोप लावून उजव्या बाजूला खाली बराच वेळ थांबले. राग त्यांच्या चेहऱ्यावरून कधी गेला ते कळलं नाही. त्यांनी पॅड हातात घेतलं, पट्टी ताणली गेली, म्हणून वाकून वाचू लागले.

"खायला काय देता?" त्यांनी विचारलं.

"घट्ट पेज, सर," सिस्टर म्हणाली. "प्लॅनप्रमाणे."

"दाखवा."

सिस्टरने सुलोचनाबाईकडे पाहिलं. ती हलली नाही. डॉक्टर स्वतःच वाकले, खाटेखालचा गडवा ओढला, झाकण काढलं, चमचा बुडवला आणि तिरका केला.

पेज चमच्यावरून पाण्यासारखी ओघळली.

डॉक्टरांनी पुन्हा पॅड वाचलं. मंडईच्या त्या दिवसांपुढे, सकाळी आणि संध्याकाळी, एकच ओळ होती: 'घट्ट आहार दिला.' खाली अन्नपूर्णाची सही.

"हे तुम्ही पाहिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. आवाजात धार नव्हती. त्यामुळे ते जास्त लागलं असावं.

सिस्टरने गडव्याकडे पाहिलं. "नाही सर. बाई भरवत होत्या. मी विचारत होती, पेज दिली का? त्या हो मनत होत्या. मी लिवत होती."

"तिले कायले बोलता जी?" सुलोचनाबाई मध्येच उठली. "मीच करत होती. आजाऱ्याले घट्ट कोन देते? आमच्या सासूनं मले शिकवलं, मानूस जितका आजारी तितकी पेज पातर. घट्ट दिलं तं गऱ्यात अडकून मरनार नाई का? पयल्या दिवशी घट्ट दिली तं तो खोकलला. मंग मी पातर केली. अजून खोकलला, अजून पातर केली." बोलता बोलता तिच्या लक्षात येऊ लागलं असावं. तिचा आवाज मंदावला. "मले वाटलं मी त्याले सोपं करून राहिली."

आमच्या भागात कोणालाही विचारा, आजाऱ्याला पातळ पेज आणि त्यात मिठाचा खडा, हेच सांगतील. माझ्या आईनेही मला तीच पाजली होती. त्या बाईने नवऱ्याला स्वतःच्या हाताने, मायेने, थेंब थेंब बुडवत आणलं होतं. आणि सिस्टरने कागदाचं ऐकलं होतं. या वेळी तिच्या स्वतःच्याच कागदाचं. ते तिला त्याच क्षणी कळलं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी दुसरीकडे पाहिलं.

डॉक्टरांनी उगाच वेळ घालवला नाही. तोंडाने सगळं बंद, ऑक्सिजन लावा, जिल्ह्याच्या रुग्णालयात न्या, एक्स-रे, काही दिवस नाकातून नळी. हे सगळं त्यांनी आधी सुलोचनाबाईला तिच्याच समोर बसून समजावलं, आणि मग वाकून पॅडवर लिहिलं. सही केली, वेळ टाकली. सही करताना म्हणाले, "मी रविवारी आलो असतो तर हा चमचा रविवारीच पाहिला असता." कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

सुलोचनाबाईने या वेळी दवाखान्याला नाही म्हटलं नाही. ॲम्ब्युलन्स आली, बकारामला उचललं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं सगळं लक्ष पुढच्या श्वासाकडे होतं.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर डॉक्टर टेबलाकडे परतले नाहीत. ते मनिरामच्या खाटेशी गेले, मग त्यापुढच्या. माझा पाय उचलून पाहिला, पोटरी दाबली, व्यायाम बदलला. एकाची झोपेची गोळी अर्धी केली. त्यांच्या फोनवर पेशंटचे फोन येत होते, ते कापत होते. बाराव्या खाटेपर्यंत ते वाकत वाकत गेले. कंबर धरून सरळ झाले तेव्हा श्यामलालने सुटकेचा श्वास टाकला.

पण सिस्टर बकारामच्या रिकाम्या खाटेशीच होती. तिने स्वतःच्या त्या ओळींवर एकेक सरळ रेघ मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी. आणि बाजूला लिहिलं. श्यामलाल तिच्या खांद्यावरून वाचू लागले. "'आहार नातेवाईकांनी दिला. मी पाहिला नाही.' अरे सिस्टर, हे काय? उद्या तपासणी आहे. रकाना भरला ना डॉक्टरांनी? हे आजच लिहायचं?"

"आजच कळलं ना भाऊ."

"तुमचंच नाव आहे खाली. तुम्हालाच भोवेल."

"माहंच नाव आहे मनून तं लिवून राहिली."

आमच्या नाटकात पडद्याआड एक प्रॉम्प्टर बसायचा. वाईट प्रॉम्प्टर वहीकडे पाहून वाचत सुटायचा, चांगला नटाच्या तोंडाकडे पाहायचा. पण चांगल्याचंही एखाद्या रात्री वहीत डोकं जायचं, आणि नेमकं तेव्हाच नट अडकायचा. अशा प्रॉम्प्टरला आम्ही काढून टाकत नसू. तोच पुढच्या रात्री सगळ्यांत जास्त जागा असायचा.

तपासणीची माणसं आली. त्यांच्यातल्या एक बाई फार शांतपणे वाचत होत्या. मागच्या रविवारचा कोरा रकाना त्यांनी पाहिला, गुरुवारची सही पाहिली आणि त्या रेघांपाशी थांबल्या. सिस्टरला बाहेर व्हरांड्यात नेलं. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. केंद्र चालू राहिलं, पण अटीवर. एका डॉक्टरवर अवलंबून राहायचं नाही, दुसऱ्या डॉक्टरने आठवड्याच्या मध्ये यायचं, आणि मंडई असो की दिवाळी, आया नसतील तर रोगी घ्यायचा नाही. अन्नपूर्णाचं इन्चार्जपण काढून घेतलं. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मोनाली नावाची नवी नर्स इन्चार्ज झाली. अन्नपूर्णाने कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली आणि बुद्धाची मूर्ती टेबलावर तशीच राहू दे म्हणाली.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाटलं जी," ती म्हणाली. "पन त्या तपासणीवाल्या बाईच्या जागी मी असती तं मलेही तेच करावं लागलं असतं." मग माझा पाय उचलून पुन्हा पोटरी दाबू लागली.

बकाराम परत आला तेव्हा धानाची कापणी संपत आली होती. अंगाने अर्धा झाला होता, नाकातली नळी नुकतीच निघाली होती. त्याला माझ्या शेजारची खाट दिली. पहिल्या जेवणाला सगळं दालन जेवायचं सोडून तिकडे पाहत होतं. सुलोचनाबाईने मागच्या स्वयंपाकघरात स्वतः पेज शिजवली, घोटली, गार केली. पाटावर बसल्यासारखी स्टुलावर ताठ बसली. वाटी तिच्या मांडीवर. पण चमचा ती उचलेना.

अन्नपूर्णा दालनाच्या त्या टोकाला मनिरामची कूस बदलत होती.

"सिस्टर," सुलोचनाबाईने हाक मारली. "या ना जी. तुमच्या पाहन्यासाठी मानूस उपाशी बसला."

"आली जी."

"मागं तोंडाने काई नोको मनत होत्या. आता मी मनतो, तुमी पाहिल्याबिगर नोको."

अन्नपूर्णा हात धुऊन आली. सुलोचनाबाईने चमचा भरला, तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि तिरका केला. पेजेचा गोळा जागचा हलला नाही, मग सावकाश वाटीत पडला. सिस्टरने मान हलवली. घास बकारामच्या तोंडात गेला. त्याने मान खाली घालून, शिकवल्याप्रमाणे, गिळला. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडे पाहत होतो.

"बोला आता काईतरी," सिस्टर म्हणाली.

बकारामने माझ्याकडे मान वळवली. "याचं नाटक," तो एकेक शब्द जोडत म्हणाला, "कामठ्याच्या मंडईत पाहलं होतं. राजा मरते तरी बोलतच राहते."

आवाज कोरडा होता. लख्ख कोरडा. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्या, पण अशी टीका मला कधी गोड लागली नव्हती.

सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून हसली आणि दुसरा चमचा भरून पुन्हा सिस्टरसमोर धरला. वाटी रिकामी होईपर्यंत अन्नपूर्णा तिथून हलली नाही. मोनालीने दोनदा हाक मारली, तिने हातानेच थांब म्हटलं. शेवटचा घास उतरल्यावर ती खाटेच्या पायथ्याशी गेली, वीतभर पट्टीने बांधलेलं पॅड उचललं आणि उभ्याउभ्या लिहिलं: 'घट्ट आहार दिला. मी पाहिला.'